मागचा गडी

पुसद
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय कमलाकरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नका. पुण्याचा पत्ता कळवणारं तुमचं कार्ड आषाढात आलं आणि आता दिवाळी होऊन गेली. रोज लिहायला बसतो, वर तारीख टाकतो आणि तिथेच थांबतो. सातवी शिकलेल्या माणसाला चार ओळी लिहायच्या म्हणजे अर्धा दिवस जातो, पण खरं कारण ते नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं. फोन केला तर तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवून देता. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे तुम्ही आणखी काही बोललात की काय, याची काळजी मागे लागते.

इकडे सगळं जेमतेम. कापसाची पहिली वेचणी झाली. गुडघा तसाच आहे. सून म्हणते सायकल विकून टाका, मी म्हणतो गोठ्यात उभी राहिली तर कोणाचं काय खाते.

रविवार सायकल मंडळात आता सातच जण उरले. एकेकाळी आपण तीस जण गांधी चौकातून निघायचो तर हॉटेलवाले बाहेर येऊन बघायचे. आता शाळेतल्या प्रेरणा मॅडम मंडळ पाहतात. पोरगी चांगली आहे, दमदार चालवते. जूनमध्ये नेहमीप्रमाणे शाळेतल्या मुलींच्या सायकलींचे ब्रेक तपासायला गेलो. पूर्वी दोन दिवस पुरायचे नाहीत. या वर्षी दुपारपर्यंत काम आटोपलं, कारण अर्ध्या मुली ऑटोने येतात. मी ब्रेकचे रबर पिशवीभर नेले होते, ते तसेच परत आणले.

आता मुद्द्याचं. येत्या डिसेंबरात श्रावणला जाऊन वर्ष होतं. इसापूर धरणाच्या सहलीत तो रस्त्यात झाडाखाली बसला आणि तिथेच गेला, आणि आपण बारा जण धरणावर डबे सोडून बसलो होतो. त्या दिवसापासून तुम्ही म्हणता की चूक तुमची, पुढारी असून तुम्ही माणसं मोजली नाहीत. त्यासाठी तुम्ही मंडळ सोडलं, गाव सोडलं. पण भाऊ, आपल्या मंडळात मोजणी होती कधी? मागच्या गड्याच्या सायकलीला लाल फडकं. मागचा गडी कोणालाही मागे टाकून पुढे जात नाही, म्हणून फडकं पोचलं की सगळे पोचले. त्रेचाळीस वर्षं हाच नियम. फडकं माझ्या सायकलीला होतं, ते तुम्ही वळणावर पाहिलं आणि "सगळे आले" म्हणालात. यात तुमचं काय चुकलं?

१५ डिसेंबरला, रविवारी, श्रावणच्या नावाने धरणापर्यंत जायचं ठरलं आहे. तुम्ही या. पुढे तुम्ही असलात तर मंडळ आणखी दोन-चार वर्षं जगेल. नाही आलात तर मला वाटतं ही शेवटची सहल.

आपला,
किसनराव

-

पुणे
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय किसनराव,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. उशिराचं काही मनावर घेऊ नका, मलाही कोणाला उत्तर द्यावंसं वाटत नाही.

मी येणार नाही. श्रेयस आणि सूनबाई सुमेधा दोघंही म्हणतात, जाऊन या, मन मोकळं होईल. सुमेधाने तर परस्पर गाडीचं तिकीट पाहून ठेवलं होतं. पण मला तेराव्याच्या दिवशी श्रावणच्या शकुबाई सगळ्यांसमोर जे बोलल्या ते विसरता येत नाही. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. ताटं वाढता वाढता म्हणाल्या, "तेरा जनं गेले होते, बारा जेवले. तेरावा कुठं हाये म्हनून एकालेही घास अडकला नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि बरोबरच होतं. तहसील कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं माणसांच्या याद्या केल्या. मला तेरा माणसं मोजता आली नाहीत.

नियमाचं म्हणता ते खरं आहे. नियम मीच घातला होता. पण नियम माणसाने डोळे मिटून बसावं म्हणून नसतो. डबे सोडले तेव्हा श्रावण दिसला नाही, हे मला दिसलं होतं. मी मनात म्हणालो, शेंबाळपिंपरीला त्याची सासरवाडी आहे, तिकडे वळला असेल, आणि वळताना मागच्या गड्याला सांगितलं असेल. तुम्ही समोर बसला होता. विचारायला एक वाक्य लागलं असतं. मी ते विचारलं नाही. तीन वाजता शेळ्या चारणारा माणूस धावत आला, तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर.

ते वाक्य आता विचारतो, वर्ष उलटत आल्यावर. किसनराव, त्याने तुम्हाला काही सांगितलं होतं का? तो तुमच्या मागे राहिला कसा? तुम्ही तर कधी कोणाच्या पुढे गेला नाहीत. जसं असेल तसं लिहा. मला यापेक्षा वाईट काही वाटायचं शिल्लक नाही.

आपला,
कमलाकर

-

पुसद
२ डिसेंबर २०२४

प्रिय कमलाकरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चारदा वाचलं. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर असं की मला नीट आठवत नाही. तो दिवस वाऱ्याचा होता. त्याने सांगितलं असेलही. माझ्या कानाचं तुम्हाला माहीत आहे. रस्त्याच्या कडेला तो लघवीला वगैरे गेला असेल आणि मी पुढे निघालो असेन, असं काहीतरी झालं असावं. या वयात माणसाच्या लक्षात किती राहणार. त्यावर फार विचार करू नका, तुम्हाला रक्तदाबाचा त्रास आहे.

परवा शकुबाईकडे जाऊन आलो. मी दर आठ-दहा दिवसांनी जातो. दारात खाट टाकलेली असते. त्या चहा ठेवतात, मी बसतो. पंधरा तारखेच्या सहलीचं सांगितलं.

म्हणाल्या, "जा ना बापा. तुमाले कोन अडवलं? पन फोटोले हार घालू नका, भाषन करू नका. त्याले भाषन आवडत नव्हतं. शाळेत घंटा वाजवत होता तो, भाषनं आयकून आयकून कान किटले होते त्याचे."

मी म्हणालो, कमलाकरभाऊंनाही बोलावलं आहे.

"ते साहेब पुन्याले गेले, बरं झालं. इथं राह्यले असते तर बाजारात रोज दिसले असते."

"वहिनी, त्याईची काय चूक?" मी म्हणालो.

"मंग कोनाची? माही?"

मग त्याच म्हणाल्या, "तुमी काहून एवढं जिवाले लावून घेता? तुमच्यावर माहा राग नाही. तुमी म्हातारे मानूस, मांगं मांगं येनारे. तुमाले काय दिसनार? घ्या, चहा थंडा होऊन राह्यला."

मी चहा घेतला आणि आलो. तिथून घरापर्यंत सायकल हाताने ढकलत आणली, बसवलंच नाही.

तुम्ही आलात तर त्यांचं मन कदाचित फिरेल. नाही फिरलं तरी या. मी एकट्याने त्या रस्त्याला जाऊ शकत नाही.

आपला,
किसनराव

-

पुणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय किसनराव,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला तुमचाच विचार जास्त आला. तुम्हाला सगळं स्वच्छ आठवतं, हे मला माहीत आहे. सत्त्याऐंशीच्या दौऱ्यात कोणाची चेन कुठल्या गावात तुटली, हे तुम्ही आजही सांगता. तुम्ही मुद्दाम गोलमाल लिहिलं आहे, आणि ते मला वाचवायला. धरणावर पोचल्यावर तुम्ही मला सांगितलं असणार की श्रावण मागे आहे, आणि मी डबे, चहा, फोटो यांच्या गडबडीत ते कानाआड केलं असणार. मलाच ते आठवत नाही. तुम्ही वर्षभर ते पोटात ठेवलंत.

असं मला का वाटतं ते सांगतो. केळापूरच्या देवीचं दर्शन घेऊन आपण मुकुटबनकडे निघालो होतो, आठवतं? चैत्रातलं ऊन. मला ऊन लागलं आणि मी पळसाखाली आडवा झालो. बाकीचे पुढे गेले होते. तुम्ही तीन तास माझ्याजवळ बसलात. स्वतःच्या वाटचं पाणी माझ्या डोक्यावर घातलंत आणि दुपट्टा ओला करून माझ्या तोंडावर धरून बसलात. मी म्हणालो, तुम्ही जा, तर म्हणालात, "मी मागचा गडी हाये, मले पुढं जाता येत नाही." जो माणूस असं बसतो, तो श्रावणला टाकून येणार नाही. म्हणजे चूक माझीच.

मी शकुबाईंना काल सविस्तर पत्र पाठवलं. तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं, असं स्पष्ट लिहिलं. वर्षभर खरं-खोटं मनात घोळवण्यापेक्षा हे बरं. सायकल इथल्या वॉचमनला देऊन टाकली. उंच माणूस आहे, त्याला सीट बरोबर बसते.

मला पुन्हा बोलावू नका.

आपला,
कमलाकर

-

पुसद
१६ डिसेंबर २०२४

कमलाकरभाऊ,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. तुम्ही शकुबाईंना जे लिहिलं ते खोटं आहे. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही तोंडातला घास टाकून निघाला असता, हे मला माहीत आहे.

मला सगळं आठवतं. तसं लिहितो.

शेंबाळपिंपरी मागे टाकल्यावर जो चढ लागतो, तिथे श्रावण उतरला. मी त्याच्या मागे होतो. म्हणाला, "किसनभाऊ, छातीत जड लागून राह्यलं. जरासा बसतो." मी म्हणालो, पाणी पे, मी थांबतो. त्याने पाणी पिलं. सायकल झाडाला नीट टेकवली, त्याची सवय तुम्हाला माहीत आहे. मीही बसलो. दहा मिनिटं झाली असतील. माझा गुडघा असा आखडला होता की पाय सरळ होईना. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "तुमी तुमचा गुडघा पाहा आधी. जा, मी येतोच मांगून."

तेवढ्यात कापसाचा मेटॅडोर आला. आपल्या तांड्यावरचा फुलसिंग चालवत होता. त्याने थांबवून विचारलं, बसता काय बाबा. मी श्रावणलाही म्हणालो, चल. तो म्हणाला, "मी कायले? मी काय म्हातारा हाये?" मी सायकल वर टाकली आणि बसलो. लाल फडकं तिच्यावरच बांधलेलं होतं. ते सोडून त्याच्या सायकलीला बांधायला हवं होतं. एक गाठ सोडायची होती. माझ्या मनात ते आलं होतं आणि मी ते केलं नाही.

का केलं नाही, तेही लिहितो. त्या महिन्यात तुम्ही सगळे आपसात बोलत होता की किसनराव थकले, आता मागची जागा प्रेरणा मॅडमना द्यावी. मला डाव्या कानाने ऐकू येतं. मंडळात कोणी मास्तर, कोणी वकील, कोणी कचेरीतले. माझ्याजवळ तेवढं एक फडकं होतं. श्रावणच्या सायकलीला ते दिसलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की मी चढ चढू शकलो नाही.

धरणाच्या वळणाच्या अलीकडे मी उतरलो आणि शेवटचं थोडं सायकलवर आलो. तुम्ही फडकं पाहून म्हणालात, "सगळे आले, सोडा डबे." आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्र्याहत्तराव्या वर्षी म्हातारा चढ चढून आला म्हणून. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून मला सावलीत नेऊन बसवलं. तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, येईल तो पाच मिनिटात. मग म्हटलं, आणखी पाच मिनिटात. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलं, ते विचारायलाच असणार. मी डब्यात बघितलं.

मुकुटबनचं लिहिलंत. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, गुडघा धड होता आणि फडकं कोणी मागत नव्हतं. तीन तास बसायला मला काही लागलं नाही.

काल सहल झाली. पाच जण गेले. प्रेरणा मॅडमने फडकं माझ्या हातात दिलं, म्हणाली, "काका, हा तुमचाच मान." मी म्हणालो, गुडघा दुखतो, आणि परत आलो. तिला काही सांगितलं नाही. अजून कोणालाच सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला लिहितो.

काय म्हणायचं असेल ते म्हणा. पण म्हणा.

किसनराव

-

पुणे
६ जानेवारी २०२५

किसनराव,

पत्र मिळालं. शकुबाईंना सांगितलंत का? एवढंच कळवा.

कमलाकर

-

पुसद
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय कमलाकरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमचं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जाणार होतो. तीनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन आलो. चौथ्या खेपेला, संक्रांत होऊन गेल्यावर, गेलो आणि सांगितलं. तुम्हाला कळवायला मग आणखी महिना गेला, कारण जे झालं ते कसं लिहावं, हे कळत नव्हतं.

शकुबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी खाटेवर बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. छातीत जड वाटतं म्हणाला ते, मेटॅडोरचं, फडक्याचं, टाळ्यांचं. काही गाळलं नाही. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "झालं तुमचं?"

मी हो म्हणालो.

"त्या साहेबानं पत्र लिहिलं मले. चार पानं. सगळं आपल्यावर घेतलं. पोरीनं वाचून दाखवलं. आता तुमाले दोस्ताची दया आली, म्हनून तुमी आले."

मी म्हणालो, "वहिनी, तसं नाही. त्याईनं लिहिलं ते खोटं हाये, मी सांगून राह्यलो ते खरं हाये."

"खरं असतं तर वर्षभर माह्या हातचा चहा पेला असता काय तुमी?"

मी शपथ घेतली तर म्हणाल्या, "शपथा घेऊ नका बापा, वय झालं तुमचं." मग म्हणाल्या, "एक म्हनते माही चूक, दुसरा म्हनते नाही, माही. तुमी मानसं मोठे चांगले हा. माहा मानूस झाडाखाली एकटा मेला, तवा कुठं गेलते एवढे चांगले?" आणि सूप उचलून आत गेल्या. त्या दिवशी चहा ठेवला नाही.

मग मी फुलसिंगला शोधत तांड्यावर गेलो. म्हटलं, तो येऊन सांगेल की किसनरावला मेटॅडोरवर मीच बसवलं होतं, तर त्या मानतील. तो टायर बदलत होता. मी तारीख सांगितली, चढ सांगितला, झाडाखाली बसलेल्या माणसाचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "काका, मी दर फेरीले कोनाले ना कोनाले बसवतो. सायकलवाला म्हातारा? असन बापा. कालचं जेवन काय होतं ते मले बायकोले विचारा लागते." मी म्हणालो, एकदा नीट आठवून पाहा. त्याने खरंच पाना खाली ठेवला आणि आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. म्हणाला, "तुमी म्हनता तर येतो, म्हनतो मी की बसवलं. पन विचारलं कोनता दिवस होता, तर मी काय सांगू?" अशी साक्ष नेली तर शकुबाई आम्हा दोघांनाही दारातून हाकलतील. मी त्याला राहू दे म्हणालो.

प्रेरणा मॅडमलाही सांगितलं. ती म्हणाली, "काका, आता हे कोणाला सांगून काय होणार?" मंडळ तिने बंद केलं नाही, पण रविवारी चौकात आता ती आणि दोघं-तिघं असतात. मला कोणी या म्हणत नाही, आणि मी जातही नाही. शाळेच्या ब्रेकचं काम या वर्षी कोण करणार, कोणी बोललं नाही.

बाजारात अजून तुमचंच नाव घेतात. परवा तुमच्या कचेरीतला एक जुना माणूस भेटला. तो म्हणाला, कमलाकररावांनी कबूल केलं म्हणे. मी त्याला तिथेच थांबवून खरं सांगायला लागलो, तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही लय सज्जन आहात किसनराव." मी जेवढं सांगतो तेवढं तुमचं नाव आणखी पक्कं होतं आणि माझं चांगलं होतं. वर्षभरापूर्वी एका वाक्यात जे झालं असतं, ते आता कशानेच होत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही शकुबाईंना पुन्हा लिहा, की पहिलं पत्र चुकीच्या समजुतीने लिहिलं होतं आणि किसनराव सांगतो ते खरं आहे. मला आशा नाही की त्या मानतील. तुमच्या लिहिण्यानेही त्या म्हणतील की दोघांनी मिळून ठरवलं. पण माझ्याकडे दुसरा रस्ता राहिला नाही.

आणि मला लिहा. मी माफी मागत नाही, ती कशाच्या तोंडाने मागू. तुमच्या कार्डावर एकच ओळ होती. मी ती उलटसुलट वाचून पाहिली, तिच्यात राग आहे की नुसती चौकशी, ते मला कळलं नाही. पोस्टमन आमच्या बाजूला मंगळवार-शुक्रवार येतो. त्या दिवशी मी शेतात जात नाही, ओट्यावर बसतो. सून म्हणते, आता कोण पत्रं पाठवतं, उगा वाट पाहता. तब्येत कशी आहे, रक्तदाबाच्या गोळ्या घेता की नाही, निदान एवढं कळवा. वाईट लिहायचं असेल तर वाईट लिहा. पत्र मिळालं एवढंच लिहिलंत तरी चालेल, पण लवकर लिहा, भाऊ.

आपला,
किसनराव